चारशे बैलांचे पुढे काय झाले?

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, परंडा हे तालुक्याचे गाव आहे. गावात भुईकोट किल्ला आहे. खंदक, भक्कम तट, बुरूज आणि बुरुजांवर ऊनपाऊस खात पडलेल्या तोफा. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेले, तेव्हा निजामशाहीचे सिंहासन काही काळ याच किल्ल्यात होते. पण परंड्याची सर्वांत नामांकित तोफ आज परंड्यात नाही. ती विजापूरच्या शेरजा बुरुजावर आहे. तिचे नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाची धनीण.

ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा कारागीर मुहम्मद बिन हसन रूमी. लांबी चौदा-साडेचौदा फूट, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलेला आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात आली. १६३२ मध्ये आदिलशाहीचा मातब्बर सरदार मुरार जगदेव याने ती विजयाची खूण म्हणून विजापूरला नेली. ही तोफ ओढायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, अशी हकिकत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते.

या चारशे बैलांचे जरा चित्र डोळ्यांपुढे आणा. परंड्याहून विजापूर सरळ रेषेत मोजले तरी दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. वाटेत सीना, मग भीमा. काळी जमीन, ओढे, चढउतार. पक्की सडक नाही, पूल नाही. जू मानेवर, मागे ५५ टनांचे धूड आणि शेजारी चाबूक घेतलेला माणूस. याच तोफेची जोडीदारीण कडकबिजली वाटेत नदीच्या पात्रात गेली, अशीही आख्यायिका आहे. मलिक-ए-मैदान मात्र पोचली.

आता तोफेचे पुढे काय झाले ते पाहा. आदिलशाही बुडाली, मोगल गेले, मराठे आले, इंग्रज आले. तोफ निकामी झाली. १८५४ साली साताऱ्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी विजापुरातील जुन्या सरकारी चीजवस्तू लिलावात काढल्या, त्यात ही तोफही होती. तिला बोली आली दीडशे रुपयांची. अधिकाऱ्याला वाटले, एवढ्या ऐतिहासिक वस्तूची ही किंमत? त्याने विक्री थांबवली. तोफ राहिली, आणि आज ती संरक्षित वारसा म्हणून उन्हात निवांत बसली आहे. एका अर्थी तोफेला पेन्शन मिळाली.

आणि चारशे बैलांना? त्यांच्याबद्दल एक ओळही कुठे नाही. किती वाटेत बसले, किती पोचले, पोचलेले कुठे गेले, म्हातारपणी कुणाच्या दावणीला होते, काही ठाऊक नाही. त्यांचा फक्त आकडा उरला. म्हणून आजचा विषय असा: जनावराचे काम संपते त्या दिवशी त्याचे काय होते? ओझे ओढणारा बैल, शर्यतीचा घोडा, पोलिसांचा श्वान, मठाची हत्तीण, यांच्या निवृत्तीचा इतिहास काय आहे?

हा प्रश्न नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या अश्वशाळेचे नियम आहेत. त्यात असे सांगितले आहे की युद्धाने, रोगाने, म्हातारपणाने किंवा कामाने क्षीण झालेल्या घोड्यांना पोटापुरता आहार देऊन सांभाळावे. आणि जे घोडे लढाईला उपयोगी नाहीत पण अंगाने धडधाकट आहेत, ते प्रजेच्या हितासाठी घोड्यांची पैदास करण्यास वापरावेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातली ही निवृत्तिवेतनाची योजनाच म्हणायची. थकलेल्याला अन्न, धडधाकटाला दुसरे काम.

ग्रीस देशातही अशीच एक गोष्ट आहे. अथेन्समध्ये पार्थेनॉनचे मंदिर बांधले जात होते तेव्हा दगड वाहणारी खेचरे होती. जी थकली त्यांना मोकळे सोडले. त्यातले एक खेचर रोज आपण होऊन बांधकामावर येई आणि जुंपलेल्या जनावरांच्या बरोबरीने, जणू त्यांना धीर देत, चढण चढे. अथेन्सच्या लोकांनी ठराव केला की याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसायचे. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की धान्यवाल्यांनी या खेचराला आपल्या मालापासून हाकलू नये, असा हुकूमच निघाला होता. पुढे प्लुटार्कने ही गोष्ट सांगितली ती रोमच्या केटोला टोला देण्यासाठी. केटो हा मोठा शिस्तीचा, काटकसरी माणूस. त्याने शेतीवर पुस्तक लिहिले आणि त्यात मालकाला सल्ला दिला की म्हातारे बैल, जुनी गाडी, जुनी अवजारे विकून टाका, आणि म्हातारा झालेला गुलामही विका. प्लुटार्कला याचा राग आला. तो म्हणतो, माझ्यासाठी राबलेला बैल केवळ म्हातारा झाला म्हणून मी विकणार नाही.

आपण ऐकणारे सगळे मनाने प्लुटार्कच्या बाजूचे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कौटिल्याच्या घोड्याला राजाचा खजिना पोसत होता. अथेन्सच्या खेचराला नगराची तिजोरी पोसत होती. प्लुटार्क स्वतः खाऊनपिऊन सुखी घरातला. प्रश्न अवघड होतो तो ज्याच्या घरी खजिना नाही, त्याच्या दारात. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे बैलाशी नाते काय असते, हे वेगळे सांगायला नको. श्रावण अमावास्येचा पोळा आला की आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि उद्या जेवायला येण्याचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल आणि पुरणपोळीचा घास. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. वर्षातली ही एक हक्काची रजा.

पण त्याच शेतकऱ्याला बैलाचे आयुष्य दातांवरून मोजता येते. अदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळलेला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी खोंड औताला धरायचे, दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत नांगर, कुळव, पाभर, मोट, गाडी. त्यानंतर ताकद ओसरते. नीट सांभाळले तर बैल आणखी कितीतरी वर्षे जगतो. या उरलेल्या वर्षांत काय?

काही घरी म्हातारा बैल दावणीलाच राहायचा. हलकीसलकी गाडी ओढायचा, नव्या खोंडाला जोडीला धरून चालायला शिकवायचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसारखाच तोही गोठ्याच्या एका कोपऱ्यात बसून रवंथ करायचा. पण बहुतेक घरी तसे होत नसे. ज्याच्याकडे पाच-सात एकर कोरडवाहू, त्याच्याकडे कडबा मोजका. एक बैल बसून खाऊ लागला तर नवा बैल घ्यायला पैसा नाही आणि त्याला घालायला वैरण नाही. मग त्या बैलाला बाजार दाखवला जाई. हे बोलताना आपल्याकडे आवाज खाली येतो. बाजारात आधी कोणी आणखी गरीब शेतकरी तो घेई, दोन वर्षे वापरी, मग पुन्हा बाजार. शेवटच्या बाजारात घेणारा कसाई असे. सगळ्यांना ते माहीत असे आणि कोणी उच्चारत नसे. त्या पैशात थोडी भर घालून नवा खोंड दावणीला येई. जुन्या बैलाच्या किमतीत नव्याची सोय, असे ते चक्र होते.

मेल्यावरही बैल कामातून सुटत नसे. विहिरीवरची मोट चामड्याची असे. म्हणजे एका बैलाच्या कातड्यात भरलेले पाणी दुसरे दोन बैल ओढून काढीत. मेलेले जनावर ओढून नेण्याचे, सोलण्याचे काम गावाने दलित समाजावर टाकले होते आणि वर त्याच कामाबद्दल त्यांना अस्पृश्य मानले होते. १९२७ च्या मार्च महिन्यात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, असे आपल्या बांधवांना बजावले. बैलाच्या अंताचा इतिहास सांगताना हे पान वगळता येत नाही. बैलाची पूजा पोळ्याला मालकाच्या दारात होई आणि त्याच्या शेवटाची घाण दुसऱ्याच्या दारात जाई.

कधीकधी एकेकट्या बैलाची नव्हे, सगळ्या धंद्याचीच निवृत्ती होते. दख्खनच्या पठारावर धान्य, मीठ, कापूस वाहून नेणारे लमाण-बंजाऱ्यांचे तांडे होते. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत पाहिल्याचे लिहिले आहे. सैन्याची रसद यांच्या पाठीवर चाले. मग रेल्वे आली. परंड्याच्या अगदी जवळ, १८९७ साली, बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरने अडीच फुटी रुळांवर बार्शी आणि मुख्य मार्गावरचे बार्शी रोड स्टेशन, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, जोडले. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. वारकऱ्यांची सोय झाली, बार्शीची बाजारपेठ फुलली. या रेल्वेचे गुण आपण गातो, आणि गायलाच हवेत. पण ज्या वाटांवरून बैलांचे तांडे आणि गाड्यांच्या रांगा जात, त्या वाटा ओस पडल्या. बंजाऱ्यांपैकी कित्येकांना शेतीकडे, मजुरीकडे वळावे लागले. माणसाला दुसरे काम शोधता येते. पाठीवर गोणी वाहणाऱ्या बैलाला कोण नोकरी देणार?

गावात ही गोष्ट घरोघरी आपापल्या परीने मिटवली जात होती. शहरात तिची संस्था झाली. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि त्यावरून पारशी समाजात मोठी खळबळ माजली, दंगा झाला. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी पुढे आले आणि भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. कामातून गेलेली, आजारी, सोडून दिलेली जनावरे तिथे ठेवायची, खर्च व्यापाऱ्यांनी उचलायचा. पांजरपोळ म्हणजे जनावरांचे वृद्धाश्रमच. मुंबईतल्या एका भागाचे नावच तिच्यावरून पडले.

मुंबईच्या रस्त्यांवर १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या. उन्हाळ्यात घोड्यांच्या डोक्याला गवती टोप्या घालीत, असे जुने मुंबईकर कौतुकाने सांगत. त्याच वर्षी जनावरांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळला जागा दिली, त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई रुग्णालय झाले आणि १८८६ मध्ये तिथेच मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १९०५ मध्ये घोड्यांच्या ट्राम बंद झाल्या, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. एका झटक्यात शेकडो घोडे कामावरून गेले. त्या काळी इतक्या जनावरांना मरेपर्यंत सांभाळण्याची व्यवस्था कुठल्याही शहराजवळ नव्हती.

कायदाही झाला. १८९० मध्ये आणि मग स्वतंत्र भारतात १९६० मध्ये. १९६५ च्या नियमांनी ओढीच्या जनावरावर किती ओझे लादायचे ते ठरवले. दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडीला जुंपायचे नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हा नियम पाळला तर दुपारी एकही बैलगाडी रस्त्यावर दिसू नये! नियम चांगलेच आहेत. पण त्यांची नजर काम चालू असलेल्या जनावरावर आहे. काम संपल्यावर त्याला कोण खायला घालील, याचे उत्तर त्यांत नाही.

शर्यतीच्या घोड्याची गोष्ट मात्र महाराष्ट्रात एका अनपेक्षित वळणावर गेली. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याला घोड्यांच्या शर्यती होतात. शर्यतीच्या घोड्याचे मैदानावरचे आयुष्य मोजक्या वर्षांचे असते. उत्तम वंशाचे पैदाशीला जातात, काही घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळांत जातात. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा १९४६ पासून घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय. त्यांच्याकडचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. तिथे घोड्याला विषाची अगदी बारीक मात्रा टप्प्याटप्प्याने टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्ये तयार होतात. मग थोडे रक्त काढून त्यातला रस, म्हणजे सीरम, वेगळा करतात आणि त्यापासून औषध बनते. सायरस पूनावाला यांच्या मनात आले की घोडे आपले, मग सीरम आपणच का बनवू नये? १९६६ साली पुण्यात हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि सुरुवातीचे उत्पादन होते धनुर्वातावरचे सीरम. आज लशींच्या मात्रांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी मानली जाणारी ही कंपनी अशी निवृत्त घोड्यांच्या तबेल्यातून निघाली.

आता परंड्याच्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. रात्री ज्वारीला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला घोणस चावते. त्याला ग्रामीण रुग्णालयात नेतात आणि सलाइनमधून सर्पविषावरचे औषध देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे हे औषध घोड्याच्या रक्तातूनच येते. बैलाने ज्याचे शेत नांगरले, त्याचा जीव कुणा अनामिक घोड्याने वाचवलेला असतो. मात्र याला निवृत्ती म्हणायचे का, हा प्रश्न आहेच. ही घोड्याची दुसरी नोकरी आहे. तिथेही त्याची निगा कशी राखली जाते, रक्त किती आणि किती दिवसांनी घेतले जाते, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे.

लढाईवरच्या घोड्यांचे नशीब याहून वाईट. पहिल्या महायुद्धात इजिप्त-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर हिंदी संस्थानांचे घोडदळ लढले. त्यात जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादचे लान्सर होते. परंडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे मायदेशी नेण्याऐवजी इजिप्तमध्येच विकून टाकले. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक ही बाई कैरोला आली, तेव्हा तिला हे घोडे खाणीत आणि गाड्यांना जुंपलेले, हाडांचे सापळे झालेले दिसले. तिने १९३१ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. लोकांनी पैसे पाठवले. तिने सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेक इतके खंगले होते की दोन दिवस पोटभर खाऊ घालून, विसावा देऊन त्यांना शांतपणे मरण देणे एवढेच तिच्या हाती होते. पण घोडा विकणारा गाडीवानही गरीबच आहे, हे तिने ओळखले होते. म्हणून १९३४ मध्ये तिने जे रुग्णालय काढले, ते गरिबांच्या राबत्या जनावरांवर मोफत उपचार करणारे.

आपल्याकडे पोलिसांच्या श्वानांनी हा विषय लोकांच्या मनात आणला. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांच्या वेळी झंजीर नावाच्या श्वानाने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढले. तो २००० साली गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामाने निरोप दिला गेला. २००८ च्या नोव्हेंबरमधील हल्ल्याच्या वेळी कामगिरी केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार श्वान निवृत्तीनंतर विरारजवळच्या एका शेतावर एकत्र राहिले. २०१६ या एकाच वर्षात ते चौघेही गेले. त्यांना घर मिळाले, ते एका प्राणिमित्र कुटुंबाच्या भलेपणामुळे. लष्करात तर कामाला निरुपयोगी झालेल्या श्वानांना आणि घोड्यांना वेदनारहित मरण देण्याची रीत होती. २०१५ मध्ये माहिती अधिकारात ती लोकांपुढे आली, गाजावाजा झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा विचार सुरू झाला.

हत्तीचा प्रश्न आणखी नाजूक. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठात महादेवी, लोकांची लाडकी माधुरी, ही हत्तीण तीन दशके होती. न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०२५ मध्ये तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात नेले. तिच्या पायांचे, आरोग्याचे काय, हा मुद्दा एका बाजूला. तिला निरोप देताना रडणारे गाव दुसऱ्या बाजूला. मोर्चे निघाले, लाखो लोकांनी सह्या केल्या. त्या अश्रूंत खोटे काही नव्हते. पण प्रेम असणे आणि म्हातारपणाची शास्त्रशुद्ध सोय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने साऱ्या महाराष्ट्राला विचार करायला लावून सांगितले.

आता पुन्हा बैलाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत त्याच्या नशिबात दोन मोठे बदल झाले. पहिला शर्यतीचा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शंकरपट, बैलगाडा, छकडी पुन्हा रंगू लागल्या. नामवंत शर्यतीच्या बैलाला लाखांत किंमत येते. गाजलेला बैल गेला तर त्याचा दशक्रिया विधी केल्याच्या, त्याची समाधी बांधल्याच्या बातम्या येतात. शर्यतीच्या बैलांपैकी जे पहिले आले, त्यांचे म्हातारपण बहुधा सुखात जाते. जे कधीच पहिले आले नाहीत, त्यांची बातमी येत नाही.

दुसरा बदल कायद्याचा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती, पण कामाला निरुपयोगी ठरलेला बैल दाखला घेऊन विकता येत असे. विधिमंडळाने १९९५ मध्ये केलेल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैलही त्या बंदीत आला. या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे. मला इथे एकच गोष्ट मांडायची आहे. जुन्या बैलाच्या किमतीत नव्याची भर घालायचे जे चक्र मघाशी सांगितले, ते या दिवशी थांबले. म्हातारपणी बैलाला सांभाळणे हा आजवर शेतकऱ्याच्या मनाचा मोठेपणा होता. आता ती त्याची जबाबदारी झाली. जबाबदारी आली, तिच्याबरोबर वैरण आली नाही.

वैरणीचा हिशेब करायचाच तर दुष्काळातल्या चारा छावण्यांनी तो करून ठेवला आहे. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये मराठवाड्यात छावण्या उघडल्या. बायाबापड्या, म्हातारी माणसे, शाळकरी पोरे जनावरांबरोबर छावणीत मुक्कामाला आली. २०१९ मध्ये सरकारने एका मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी ९० आणि मग १०० रुपये धरले. हे ऐषारामाचे नव्हे, जगवण्यापुरते अनुदान. म्हणजे एका बैलाला वर्षभर नुसते जगवायचे तर ३६,५०० रुपये, आणि निवृत्तीनंतर तो पाच वर्षे जगला तर १,८२,५०० रुपये. ही रक्कम कोरडवाहू शेतकऱ्याने कुठून आणायची? त्यात पूर्वी घरचा कडबा तरी असे. आता जिल्ह्यात सोयाबीन वाढले, ज्वारी घटली. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले आणि नव्या पिकांनी त्याचा घास.

परिणाम काय झाला? शेतकऱ्याने बैलच ठेवणे कमी केले. गावातल्या दावणी मोकळ्या होत चालल्या आहेत. पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा वाढली. जातिवंत खिलार, लाल कंधारी, देवणी या जाती टिकल्या पाहिजेत असे आपण म्हणतो. पण ज्याच्या म्हातारपणाची सोय नाही, ते जनावर तरुणपणीही कोणी घेत नाही. निवृत्तीचा प्रश्न हा असा शेवटी जाती टिकण्याचाच प्रश्न होऊन बसतो.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने देशी गायीला राज्यमाता म्हटले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. पांजरपोळीच्या परंपरेतले हे पाऊल आहे. पण ही मदत संस्थेच्या फाटकाशी थांबते. जो शेतकरी आपला थकलेला बैल कुणाच्या दारात न सोडता स्वतःच्या गोठ्यात ठेवतो, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. खरे तर त्याचा गोठा हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मायेची गोशाळा. तिथे बैलाला आपले माणूस ओळखू येते, आपली जागा ठाऊक असते, शेणखत त्याच शेताला मिळते.

कौटिल्याने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. थकलेल्याला पोटापुरते द्या आणि धडधाकटाला झेपेल ते दुसरे काम द्या. या दोन्ही गोष्टी आजही करता येतील. आपल्याच गोठ्यात म्हातारा बैल सांभाळणाऱ्याला, बैलाची नोंद करून आणि पशुवैद्याचा दाखला पाहून, वैरणीपुरते अनुदान द्यावे. गावाच्या गायरानातला तुकडा वैरणीसाठी राखावा. शेणखत, गोबरगॅस यांतून म्हाताऱ्या जनावराचेही काही मोल उभे राहते, त्याचा हिशेब शेतकऱ्याला दाखवावा. गावपातळीवर हे सुरू करायला फार मोठा खजिना लागत नाही. दरवर्षी पोळ्याच्या मिरवणुकीवर, झुलीवर, डीजेवर गावोगाव जो खर्च होतो, त्यातला थोडा भाग वैरणीच्या गंजीसाठी बाजूला काढला तर निदान चार-सहा बैलांचा उन्हाळा निभेल.

येत्या पोळ्याला आपल्या गावात मिरवणूक निघेल तेव्हा तिच्यात तरणेबांड, शिंगे रंगवलेले, चमकणारे बैल असतील. त्यांना डोळे भरून पाहा. आणि मग घरी परतताना एवढेच विचारा की जो बैल आज मिरवणुकीत आला नाही, गोठ्यातच बसून राहिला, त्याच्यापुढे आज वैरण पडली का?